सातवी मूठ

युफेमीबाईंनी पितळी मुठी परत पाठवल्या
बिस्किटांच्या डब्यात, चिठ्ठीशिवाय.
त्यांच्या गालिच्यांच्या लोकरीसाठी
मी सहा खणांचं कपाट केलं होतं,
आणि त्यातला एकही खण त्यांना उघडत नव्हता.

एक्केचाळीस वर्षं शेतिकाँच्या मासळी-कारखान्यात
कॉडचे काप काढता काढता
बोटं सुरीभोवती मिटली ती मिटलीच.
"माझा हात बंद झालाय, झेली," त्या म्हणाल्या,
"आता कपाटाचं काय ते तू बघ."

मी ओल्या मातीचा गोळा पुढे केला. दाबा म्हटलं.
त्यांनी दाबला, कणीक नीट मळली नाही म्हणून कुरकुरत.
चार बोटांच्या चार दऱ्या घेऊन मी घरी आले,
शेजारच्या सीटवर ठेवून,
पट्टा लावून.

मेपलचा जाड तुकडा म्हणतो
मोडेन पण वाकणार नाही,
आणि मोडतो. शब्दाचा पक्का.
म्हणून त्याला आधी चिरायचं,
दीड मिलिमीटरच्या पट्ट्या,
खिडकीशी धरल्या तर बोटांची सावली दिसावी अशा.
आठ मेपलच्या, मधे एक चेरीची.
एकेकटीला विचारलं की वाकते.

मग गोंद, आणि गोंद कुणासाठी थांबत नाही.
साच्याला चिकटपट्टी लावायची विसरले होते एकदा,
तो साचा अजून त्या मुठीला धरून बसलाय
फळीवर, टर्पेंटाइनच्या मागे.
मधला क्लॅम्प पहिला, मग दोन्ही टोकांकडे,
अकरा लागले, बारावा नेहमीप्रमाणे सापडेना.
शिवणींतून पिवळे थेंब आले
तेव्हा हात थांबवले.

बाबा वाफेवर वाकवायचे.
स्प्रूसच्या काठ्या, लॉब्स्टरच्या सापळ्यांच्या कमानी,
दोन-दोन हातमोजे चढवून.
पेटीतून काढल्यावर वीस आकडे मोजेपर्यंत
लाकूड तुझं ऐकतं, म्हणायचे, पुढे त्याचं त्याला.
मग तारेचे सापळे आले.
वाफेच्या पेटीत आता बटाटे असतात.

रात्रभर सुएत वाहिला,
डोंगरावरून उतरणारा आमचा वारा,
छपराचे खिळे मोजत.
मी दोनदा उठून क्लॅम्प बघून आले.
काही झालं नव्हतं.
गोंद वाळत होता.

सकाळी सोडले तशी मूठ जरा उघडली.
नेहमीच उघडते.
सुंभ जळला तरी पीळ राहतो, तसं
वाकलेल्या लाकडात सरळपणा थोडा उरतो.
साचा म्हणून मुळातच जास्त वाकडा ठेवायचा,
तीन मिलिमीटरनी.
आम्हाला वळण लावताना बाबाही
तेवढं जास्तच ओढायचे.
हिशेब चुकला होता असं आता वाटत नाही,
सगळ्याच भावंडांबद्दल मात्र सांगता यायचं नाही.

ती रुंद कमान पावासारखी कापली: सात तुकडे.
कडा घासल्या, तेल दिलं,
चेरीची रेघ वर आली, तांबूस, केसाहून जाड.

शनिवारी सहा बसवल्या.
युफेमीबाईंनी हात उघडला नाही,
होता तसा अडकवला, आणि मागे झाल्या.
निळी लोकर.
खण बंद केला. पुन्हा निळी लोकर.
तिसरा खण दमट हवेनं अडला तर म्हणाल्या,
"ही चूक तुझी. माझ्या हाताची नाही."
रंधा गाडीतच होता.

सातवीत एका जागी गोंद पोचला नव्हता,
नखाएवढी फट.
विकण्याजोगी नव्हती, टाकवेना.
वाफेच्या पेटीचं झाकण उचलायला दोरीचा फास होता,
तो काढून दोन स्क्रूंनी तिथे लावली.

बटाटे काढताना रोज धरते.
माझी बोटं सरळ आहेत अजून,
त्या दऱ्यांत नीट बसत नाहीत.