बाकी : तीन पोती ओट

रजिस्ट्रारच्या खोलीत दोन कपाटं आहेत.
लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात.
लाकडीची किल्ली छत्तीस सालच्या बर्फात हरवली,
तेव्हापासून ते उघडंच असतं.

सगळ्यात जुनी खातेवही त्यातच आहे,
कातडी पाठीची, एक कोपरा उंदरांनी चाखलेला.
अठराशे बासष्ट. विद्यार्थी सतरा, प्राध्यापक दोन.
त्यातला एक सप्टेंबरात लढाईवर गेला,
जाताना समासात लिहून गेला :
परतल्यावर भूमिती पुढे चालू.
भूमिती पुढे दुसऱ्याच कुणीतरी शिकवली.

फी तेव्हा गाडीतून यायची, नाहीतर चालत.
लॅटिनसाठी ओकची लाकडं, अर्धी गाडी.
एक वासरू, कान फाटका, पूर्ण वर्षाचं.
गिरणीवाल्याच्या पोरानं तर्कशास्त्र
नुसत्या पिठावर पार पाडलं,
आणि तो नापास झाला तेव्हा
पीठ परत मागायला बाप आला होता, अशीही नोंद आहे.

मग हे पान.
थेकला ओस्टरहूस, वय अठरा. ग्रीक, वनस्पतिशास्त्र.
जमा : दोन पोती ओट.
बाकी : तीन.
पुढच्या सत्रात तिचं नाव नाही.
का नाही, ते कुणी लिहिलेलं नाही.

पण बाकी कुणी खोडली नाही.
असाहेल प्रेंटिसनं ती पुढच्या वर्षात ओढली,
त्याच्यानंतरच्यानं त्याच्यापुढे.
लव्हिनिया स्ट्राउडनं टाइपरायटरवर घेतली,
ओटचा 'ट' जरा वर उडालेला.
मागील पानावरून पुढे, मागील पानावरून पुढे,
नऊ रजिस्ट्रार. मी दहावी.

आयोवात ऑक्टोबर म्हणजे धूळ.
कापणीयंत्रं रात्री दिवे लावून फिरतात,
ग्रंथालयाच्या खिडक्यांवर मक्याचं तूस बसतं
आणि त्यात बोटानं कुणीतरी
रोज एक क्रियापद चालवून ठेवतं.
तत्त्वज्ञानाचा वर्ग जुन्या धोबीघरात भरतो,
तिथली मोरी अजून वाहते.
तळ्यावरचा हंस फक्त डीनला चावतो.
पहिला बर्फ पडला की खानावळीतले ट्रे नाहीसे होतात,
प्रार्थनामंदिरामागच्या उतारावर
अंधारात किंचाळ्या,
आणि सकाळी वाफाळती खिचडीसारखी लापशी
पोरं थेट टेबलावर वाढून घेतात.
आम्ही एकूण सहाशे बारा, हंस सोडून.

जूनमध्ये नवी संगणकप्रणाली आली.
द मोइनहून आलेला मुलगा, ब्रांट, शांत, नखं स्वच्छ.
म्हणाला, या रकान्यात फक्त डॉलर चालतात.
ओट चालत नाहीत.
शून्य करून टाका ना, बाई.

मी चष्मा पुसत बसले.

मारिसोल किरोगा माझ्याकडे आठवड्याला दहा तास फायली लावते.
तिची आई टर्कीच्या कारखान्यात रात्रपाळीला.
तिनं फोनवर भाव पाहिला :
तीन पोती म्हणजे धरा सहा बुशेल,
एकवीस डॉलर, साठ सेंट.
व्याज धरायचं का?
मग तिनं स्वतःचं खातं उघडलं, सहज, शेजारच्या खिडकीत.
एक्केचाळीस हजार दोनशे.
दोन्ही आकडे एकाच पडद्यावर.
ब्रांटनं कॉफी ढवळली, साखर घातलीच नव्हती.

ती हसली नाही, रडलीही नाही.
म्हणाली, माझीही ओटमध्येच लिहा.

त्या संध्याकाळी मी प्रणालीत शून्य भरलं.
पगार त्याचाच मिळतो.
मग लाकडी कपाट उघडलं, म्हणजे नुसतं दार सरकवलं,
आणि शाईनं ओढली :
ओस्टरहूस, तीन.
खाली एक ओळ रिकामी सोडली,
नाव न घालता.

विश्वस्तांची बैठक मार्चमध्ये आहे.
लोक काय काय बोलतात.
वहीत अजून साडेतीन पानं कोरी आहेत,
बारीक लिहिलं तर चार.