प्रश्न क्रमांक अकरा

विद्यापीठातली मुलगी प्रश्नावली घेऊन आली.
शास्त्रज्ञ आणि श्रद्धा, असा काहीसा विषय.
चहा घेतला, बिस्किट नको म्हणाली, गुरुवार होता.
अकरावा प्रश्न: देव मानता का?
हो. नाही. सांगता येत नाही.
पुढे चौकोन, करंगळीच्या नखाएवढे.

मी एकतीस वर्षं दगडफूल मोजते.
तेच, गोड्या मसाल्यातलं.
दगड नाही ते, फूल तर नाहीच.
बुरशी आणि शेवाळ,
एकाच नावाखाली बिऱ्हाड केलेली.
कोण कुणाला पोसतं यावर आमच्यात अजून भांडणं आहेत.

लोहोकरे सरांनी ‘नाही’वर खूण केली, इतकी दाबून
की पुढच्या तीन पानांवर उमटली.
खंडेनवमीला सेंट्रिफ्यूजला झेंडू मात्र तेच घालतात.
“यंत्र आहे बाई, रुसतं.”
मुलीचं ऑपरेशन होतं त्या दिवशी
सारसबागेच्या फाटकापर्यंत गेले होते, आत नाही.
हे त्यांनीच सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

नफीसा बागवानने ‘हो’ लिहिलं
आणि समासात बारीक अक्षरात:
पीसीआर चालू असताना आठवत नाही.

माझा कागद पेपरवेटखाली राहिला.

शनिवारी वेताळ टेकडीवर गेले, पोकळ्यांना घेऊन.
खाणीच्या वरच्या अंगाला एक म्हसोबा आहे.
शेंदूर इतका, की आत दगड आहे हे ऐकूनच माहीत.
शेंदरात शिसं असतं, त्यावर काही उगवत नाही.
पण पाठीकडे, जिथे भक्ताचा हात पोचत नाही,
राखाडी हिरवा एक गोल आहे.
मी नोकरीला लागले तेव्हा तांदळाएवढा होता,
आता रुपयाएवढा.

दरवर्षी पोकळे पुढे चपला काढतात,
मी मागे बुटांसकट गुडघ्यावर, भिंग डोळ्याला.
“तुमच्या बाजूला काय म्हणतोय?”
“पाऊण मिलिमीटर.”
“बरा आहे म्हणजे.”

या खेपेला लांबूनच दिसलं:
कुठल्याशा मंडळाने दगड चारी बाजूंनी रंगवलेला,
ऑइलपेंट, भगवा, वास अजून जात नव्हता.
मी वाकलेच नाही. काय बघायचं?
पोकळे म्हणाले, “बघा तर.”

पाठीवर एक पंजा कोरा होता.
पाच बोटं, मनगटाशी रंगाचा फराटा,
तळव्याच्या मधोमध माझा गोल, जसाच्या तसा.
“पोरं ऐकेनात. मग हातच ठेवून उभा राहिलो.
म्हटलं, एवढं बाईंचं आहे.”
त्यांच्या नखांच्या कडा अजून भगव्या होत्या.

वहीत लिहिलं: चोवीस पूर्णांक सहा.
मग, का कोण जाणे,
त्या पंजाचंही माप घेतलं,
बोटागणिक,
आणि रकान्याला नाव काय द्यावं
ते सुचेना म्हणून
तारीख तेवढी घातली.