कलम चौदा

चांडकशेठचा नवा करारनामा
कूलरच्या वाऱ्यानं फडफडत होता,
म्हणून वर कात्री ठेवली.

भाडं, अनामत, तीन वर्षं लॉक-इन.
कलम चौदा: मालकाला वाटलं
तर तीस दिवसांत गाळा रिकामा.
मला सोडायचा तर मात्र सहा महिने.
लाल पेननं गोल केला,
वकिलाला फोनवर म्हटलं,
सतरा वर्षं झाली मला इतवारीत,
असं कोणी वागवतं का माणसाला?

पराते बाह्या जोडत होता.
मशीन थांबवली त्यानं.
"तीस दिवस म्हंजे कमी हाय का, बाई?"
कमीच रे.
"मंग माहे किती?"

मी बटणं निवडत राहिले,
पांढरी वेगळी, मोतिया वेगळी.

वहीच्या शेवटच्या पानावर
कधीतरी लिहिलेलं:
ताराचंद. शर्ट. नगावर.
त्याखाली सतरा वर्षांची
कोरी जागा.

दुपारी कोर्टाजवळ मुद्रांक घेतला
गाळ्यासाठी.
चार पावलं गेले, परत आले.
अजून एक द्या.

वेंडर चष्म्यावरून बघत म्हणाला,
पूर्ण नाव सांगा,
वडिलांच्या नावासकट.

मागे रांग होती.
मी दुकानात फोन लावला.
मशीनच्या आवाजात
त्याला रिंग ऐकू जाईना.