ग्राह्य

फादर, तुम्ही म्हणालात,
शताब्दीच्या स्मरणिकेला दोन पानं लिहा, बाई.
इतिहास, श्रद्धा, सेवाकार्य:
मथळे तुम्हीच आखून दिलेत, खाली पट्टीने रेघा.
मी बाप्तिस्म्याची पहिली वही
जुन्या साडीत गुंडाळून घरी आणली
आणि तीन रविवार झाले,
पहिल्या मथळ्याखालीच अडकून बसलेय.

वही लॅटिनमधली.
यकोब मास्तर तिच्यात याकोबुस झालेत,
सगुणाबाई मोनिका.
बापाचा धंदा, या रकान्यात
फायरमन, गार्ड, फायरमन, खलाशी,
मध्येच एक ‘खडी फोडतो’.
तो आमचा. नगरकडून आलेला.

मिरजेत तेव्हा दोन मापांचे रूळ होते
आणि चर्चमध्ये चार भाषा.
गोव्याचे कोकणीत कुजबुजायचे,
तमिळ बायका तमिळमध्ये जपमाळ ओढायच्या,
मराठी मागच्या बाकावरून यायची.
पुढचा बाक गार्डांचा होता.
हे लिहायचं का, फादर?
वेदी एकच होती, पण बाकांना आकडे होते.

घंटा नव्हती. यार्डातला रुळाचा तुकडा
चिंचेला टांगलेला,
कायतान फिटर त्यावर पाना हाणायचा
आणि नवखे हमाल
गाडी आली समजून मिस्सेला धावत यायचे.
(ही गोष्ट छापा. लोक हसतील.)

मग क्रमांक दोनशे सतरा.
फेब्रुवारी, एकोणीसशे चव्वेचाळीस.
मूल: मुलगी. एक दिवसाची.
आई: प्रवासी, नाव सांगितलं नाही.
धर्ममाता: रेघ.
बाप्तिस्मा देणारा: बापू गोंधळी, पॉइंट्समन, अख्रिस्ती.
आणि समासात, मुंगीएवढ्या अक्षरात,
फादर आल्फोन्सचा एकच शब्द.
तुमच्या कोशात पाहिला.
ग्राह्य.

सेलीनमावशीला विचारलं.
नव्वदीची आहे, कालचं आठवत नाही, तेव्हाचं आठवतं.
म्हणाली, फादर कोल्हापूरला गेलेले,
पोर पार्सल ऑफिसच्या वजनकाट्यावर ठेवलेलं,
निळं पडत चाललेलं.
आईला मान उचलवत नव्हती.
ती एकेक शब्द सांगत गेली,
बापू तिच्यामागून म्हणत गेला
आणि पितळी पेल्यातलं पाणी ओतत गेला:
पित्याच्या.
पुत्राच्या.
पवित्र आत्म्याच्या.
घरी त्याची अंबाबाई होती, कोनाड्यात संबळ होता.
विश्वास वगैरे काही नव्हता त्याचा यावर.
या बाईला जे हवंय ते व्हावं, एवढंच.
म्हणे शास्त्रालाही तेवढंच लागतं.

मग सिग्नल द्यायचा होता, तो गेला.
मुलगी उजाडेपर्यंत होती.
नंतरचं मावशीला ठाऊक नाही,
आणि वहीत मृत्यूचा रकाना नाही.

श्रद्धा, या मथळ्याखाली
मी विश्वासांगीकार उतरवायला घेतला होता.
‘एकच, पवित्र, सार्वत्रिक’ इथवर आले
आणि पेन त्या वजनकाट्यापाशी थांबलं.

सेवाकार्याचं तर तुम्हीच पाहिलंत,
दोन हजार एकोणीसला सांगलीत कृष्णा शिरली तेव्हा.
बाक उचलून भिंतीला लावले,
पुढचे मागचे, सगळे एकावर एक.
म्हशी लूर्दमातेच्या गुहेपाशी बांधल्या,
त्यांनी सणाची फुलं खाल्ली.
हरिपूरच्या एका बाईने रात्री निरांजन मागितलं.
मेणबत्त्यांचा खोका समोर होता, तरी सिस्टर ॲनम्मा
पावसात जाऊन तेल घेऊन आल्या.
बाईने ते मरियेपुढे लावलं
आणि हात जोडून आपल्याच देवीचं नाव घेतलं.
कुणी दुरुस्त केलं नाही.
त्या रात्री मला फादर आल्फोन्सचा तो शब्द माहीत नव्हता.

तर फादर, दोन पानं होत नाहीयेत.
तिन्ही मथळ्यांखाली
‘पाहा: २१७’ असं लिहून दिलं, तर चालेल?
बिशपस्वामींचा संदेश मोठ्या टाइपात घ्या, जागा भरेल.

वही रविवारी आणते.
साडीसकट ठेवा.
कपाटाला वाळवी लागलीय.