पाचपैकी

चार वर्षं वाट पाहिली कालामा गावानं.
आमच्याच वाळवंटात उभारला होता त्यांनी तो ग्रह.
एर्मिनिया कोल्केनं टँकर हाकून पाणी पोचवलं,
शंभर किलोमीटर, रोज, पहाटे,
म्हणून पहिल्या रांगेत ती, लग्नातला कोट घालून.
शेजारी मी, मांडीवर वही.

दिवे गेले.
दोन सूर्य उगवले मिठाच्या पठारावर
आणि प्रत्येकाच्या सावल्या दुभंगल्या.
खरं सांगतो, असा जांभळा
मी तांब्याच्या खाणीवर मावळतीलाही पाहिला नव्हता.
मागची पोरं शिट्टी मारायची विसरली.
यान उतरताना खुर्च्यांचे स्क्रू हलले.
वहीत लिहिलं : डोळ्यांचं पारणं फिटलं.

मग दीड तास
माणसं त्या रंगातून चालत राहिली
एकमेकांना विश्वाचा अर्थ समजावत.
वहीत काही लिहिलं नाही.

नाव मोठं, लक्षण खोटं
म्हणावं, तर तेही म्हणवेना.
अपेक्षा आमचीच होती, चार वर्षं उन्हात वाळवलेली.

बाहेर बोचरी थंडी. एर्मिनियानं बाटली उघडली,
दोन घोट घेतले, मला दिली.
"छान होतं," म्हणाली,
"पण तिथं कुणालाच तहान लागत नाही, पाहिलंस?
तीनशे टँकर नेले मी.
सगळं पाणी धूळ बसवायला गेलं."

संपादकाला सकाळी आकडा हवाय, पाचपैकी.
तारे मोजून द्यायचे.
मी वर पाहिलं नाही.
तिचं वाक्य उतरवून घेतलं,
आधीचं ते पारणं खोडलं,
आणि घरी पोचेपर्यंत
पुन्हा लिहिलं.