मोडीच्या भावात

काउहावाच्या पुढं रस्ता सरळ सुटतो,
इतका सरळ, की गाडी चालवता चालवता माणूस स्वतःशीच भांडून घेतो.
मीही घेतलं. खिशात चाळीस युरो,
आणि पिर्को म्हणालेली, आणखी एक हातोडा घरात आला
तर तोच ताटात वाढीन.

पत्ता असा: निळी टपालपेटी, मग गवताचं कोठार,
मग दुसरं, मग तिसरं.
तिसऱ्यापाशी एक बाई, पायांत पुरुषी बूट.
ताइमी. दीर वारला, घर विकायचंय.
"हवं ते काढा. उरलेलं शुक्रवारी भंगारवाला नेईल,
किलोला अठरा सेंट."

आत अंधार. उंदरांचा वास, जुन्या तेलाचा वास.
डोळ्यांच्या आधी हाताला दिसू लागतं:
हे दांडे. हे भात्याचं चामडं, शिळ्या पावासारखं कडक.
हा उभा शेगडा, जबडा अर्धा वासून,
जणू वीस वर्षांपूर्वी कुणीतरी
"आलोच" म्हणून बाहेर गेलंय.

ऐरण दारात होती. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.
वर कुंडी, कुंडीत मेलेला जिरेनियम.
मी कुंडी उतरवली, खिशातून बेअरिंगचा छर्रा काढला
आणि वरून सोडला.
तो परत आला.
जवळजवळ होता तिथवर, माझ्या बोटांपाशी,
आणि ती वाजली, एकदाच, लांब.
शेतातल्या क्रौंचांनी माना वर केल्या.

मी चेहरा लाकडाचा केला.
घासाघिशीत आवडलेल्या वस्तूकडे पाठ करायची असते.
"ही कानस?"
"एक युरो."
"भाता?"
"फाटलाय. दोन."
"आणि ते… दारातलं?"
ताइमीनं बुटाच्या टोकानं ढकलून पाहिलं. ती काय हलते!
"तीस. उचललंत तर."

तीस.
दक्षिणेत या वजनाला आठशे मागतात,
वर तोरा दाखवतात तो वेगळा.
प्रश्न अगदी शब्दशः ऐरणीवर आला होता
आणि घाव घालायला मी एकटाच.
"सातशे तरी येतील हिचे,"
मी म्हणालो, ऐकू जाऊ नये अशा आवाजात.
गेलं.

बराच वेळ ती बोलली नाही. आमच्याकडे
बराच वेळ म्हणजे खरोखरच बराच वेळ.
मग म्हणाली, "आर्वोनं ही बारा मार्कांना घेतली,
ज्याला ठाऊक नव्हतं अशा माणसाकडून.
दर नाताळात तेच सांगायचा, हॅम कापता कापता.
आम्हाला ते कधीच आवडलं नाही.
तुम्ही बोललात. पस्तीस द्या."

खरं बोलण्याचा दंड, पाच युरो.
उरलेल्या पाचांत सांडशांची बादली.

घरी मोजल्या: एकोणीस.
अठरांची तोंडं ओळखीची, चपटी, गोल, नाल धरणारी.
एकोणिसावीचं एका अंगाला वळलेलं,
आत खाच, खाचेत आणखी एक बारकी खाच.
सळई घालून पाहिली. बिजागरी. चमचा.
पिर्कोचं गाजर.
काही बसत नाही.

म्हणजे आर्वोनं एक वस्तू इतक्यांदा घडवली
की फक्त तिला धरायला
लोखंडाचा एक हात बनवला.
ती वस्तू आता कुठं आहे, कुणास ठाऊक.
तिची पोकळी मात्र माझ्याकडे,
हिशेबानं सव्वीस सेंटला.

पिर्को काही बोलली नाही. राईची कणीक मळत होती,
तीच मूठभर तोडून तिनं पुढं केली.
मी पोकळीत दाबली, धरली, सोडली.
टेबलावर पडला तो गोळा काय होता ते बघायला
आम्ही दोघंही
आपापला चष्मा शोधू लागलो.