काकडीचं देठ

निंदायला जाताना पंचफुला पाण्याची कॅन माझ्या हाती द्यायची
आणि काय खायचं ते पांदणीतच सांगून टाकायची.

तुरीच्या हिरव्या शेंगा खा, पोटभर नको.
हरभऱ्याचे शेंडे खा, बोटं आंबट होतील, चाटून घे.
मुळा मातीसकट खाल्ला तरी काही होत नाही,
म्हणायची. स्वतःचा मात्र धुऊन घ्यायची.

धोप्याचं पान शेषरावनं कच्चंच चावलं होतं.
दोन दिवस घसा धरून बसला.
गावात अजून त्याला धोपाच म्हणतात,
लग्नपत्रिकेत तेवढं छापायचं राहिलं.

वालाचे दाणे उकळल्याशिवाय नाहीत.
लाखोळी तर शिजवूनही रोज नाही:
तिचा मामा भर तरुणपणी काठीवर आला,
तिनं दोष लाखोळीलाच दिला.

ज्वारीचा कोवळा पोंगा खाऊन गाय मरते,
तीच ज्वारी हुरड्याला आली
की माणसं शेकोटीभोवती बसतात.
असं कसं गं?
"वय असते पोरी, तिचंही."

काकडीचं देठ कापून ती आधी जिभेला लावायची.
कडू, तर थू. काकडी धुऱ्यापलीकडे.

त्या साली परशरामच्या कपाशीत
वाळकं लागली होती, पिवळी, टंच.
तिनं एक चाखलं. पुन्हा चाखलं.
तुराटीवर उलटी टांगलेली
फवाऱ्याची रिकामी बाटली पाहिली,
चूळ भरली,
आणि टाचेनं एकेक वाळूक फोडत गेली.

"गोड नोयतं का?"
"होतं ना. म्हनूनच."